धुतलेला गोठा

“कॉलेजातली पोरगी ती. मरंल, पण शेणाला बोट लावायची न्हाई!”

हे वाक्य माझ्याविषयी होतं, पण माझ्यासाठी नव्हतं. बोलल्या आमच्या आत्याबाई, म्हणजे सासूबाई; गोठ्यात धार काढता काढता. ऐकत होत्या जाऊबाई. आणि मातीच्या भिंतीपलीकडं उभी होते मी. तिथं काय करत होते, ते शेवटी सांगते. आधी फजिती ऐका. अशी फजिती वैऱ्याच्या सुनेचीसुद्धा होऊ नये!

जाऊबाई म्हणाल्या, “मग कशाला ठिवायची हितं? भावजी पलटणीत. आखितीच्या सणाला तिचा भाऊ न्यायला येतोयच, जाऊ दे त्याच्यासंगं. भावजी कायमचे येतील तवा आणू.”

“तेच म्हंते मी. बसून खायला सांगलीतबी मिळतंच की.”

धारेचा आवाज चालूच. चरचर, चरचर. तेवढ्यात माझा निकाल लागलासुद्धा!

आता तुम्ही म्हणाल, माहेरी जायला मिळतंय तर नाचायचं की! अहो, सणाला जाणं वेगळं आणि परत पाठवणं वेगळं. सांगलीला विश्रामबागेत माझ्या धाकट्या बहिणीला स्थळं बघणं चाललं होतं. थोरली सासरी टिकली नाही म्हटल्यावर धाकटीच्या दारात कोण उभं राहणार?

बोलायची मला सवयच नव्हती. गुपचूप न्हाणीकडं गेले आणि ठरवलं, तोंडानं नाही, कामानं दाखवायचं.

इथंच घात झाला.

मेढ्याच्या आठवडी बाजाराचा दिवस होता. घर रिकामं, जनावरं रानात. मी पदर खोचला आणि गोठ्यात शिरले. पायाखाली भुसभुशीत काळी माती, मुतानं भिजून भिजून अशी काही उग्र झालेली की डोळ्यांतून पाणी! वाटलं, हीच आपली परीक्षा. फावड्यानं ती सगळी माती खालचा दगड लागेपर्यंत खरवडली, पाटीत भरली आणि डोक्यावरून नेऊन कोरड्या ओढ्यात टाकली. किती खेपा झाल्या ते माझ्या मानेला विचारा. मग रांजण उपसून दगड घासले. आरशासारखे! एवढ्यावर थांबेन तर मी कसली? दारात रांगोळी काढली.

संध्याकाळी जनावरं परतली. तांबडी गाय दारात थबकली. रांगोळी हुंगली, फुरफुरली आणि मागं सरली. चुकून कुणाच्या देवघरात आलो, असं वाटलं असावं बिचारीला.

मागून सासरे आले. “आज कुणाची पूजा हाय काय गं?”

“नाही मामंजी, गोठा धुतला!”

“धुतला? आन माती कुठं हाय?”

“ओढ्यात टाकली. सगळी!”

ते ‘सगळी’ मी उगाचच म्हणाले.

मामंजी तिथंच खाली बसले. “आगं पोरी, दिवाळीपासनं मुरवली हुती ती. समद्या जनावरांचं मूत तिच्यात. भाताच्या रोपाला घालायची हुती.”

सोसायटीत युरियाची पोती तेव्हा नवीनच यायला लागली होती. मामंजी त्याला ‘मीठ’ म्हणत आणि तिकडं ढुंकूनही बघत नसत. त्यांचं खत म्हणजे उकिरड्यातलं शेण आणि गोठ्यातली ही माती. मला कुठलं ठाऊक? आमच्याकडं घाण दिसली की धुतात.

आत्याबाईंनी आधी गोठा पाहिला, मग रिकामा रांजण पाहिला. ऐन उन्हाळ्यात! मग त्या जाऊबाईंकडं वळून म्हणाल्या, “बगितलंस? म्हनलं न्हवतं मी? इतकी किळस, की गोठाच धुऊन काढला!”

घ्या! किळस नाही हे दाखवायला मान मोडून घेतली, आणि त्याचीच साक्ष निघाली माझ्याविरुद्ध.

मामंजी म्हणाले, “हुंद्या. ओढा कोरडाच हाय, भरून आणू परत.” पाट्या घेऊन आम्ही सगळे ओढ्यावर. बघतो तर ओढा साफ! पलीकडच्या बांधावर मामंजींचे चुलत भाऊ गणपाआबा मिशीला पीळ देत उभे. त्यांचं आमचं बांधावरून भांडण, लग्नातल्या अक्षतासुद्धा आम्ही त्यांच्याकडं पाठ करून टाकायच्या. त्यांनी बैलगाडी लावून माती केव्हाच आपल्या रानात नेली होती.

“दादा, सून लय गुणाची केलीसा बगा!” ते तिथनंच ओरडले. “आयतं खत आनून दिलं! आमच्या सुनंला म्हनलं, शिक जरा तिच्याकडनं!”

लग्न झाल्यापासून सासरच्या माणसानं केलेलं माझं हे पहिलं कौतुक. आणि केलं कुणी, तर यांनी!

वाटेत जाऊबाईंनी हळूच विचारलं, “त्येंच्याच बाजूला बरी टाकलीस गं? कुणी सांगितलं हुतं?”

म्हणजे आता किळस करणारी तर होतेच, वर फितूरही झाले.

विहिरीवर बायकांचं सुरू झालं. “नाकाला पदर लावून धुतला म्हनं.” “साबन लावला म्हनं.” “आवं, गायीला पावडर लावली म्हनं!” मी कळशी भरत होते. भरली की उचलायची आणि निघायचं.

आखितीला भाऊ आला. माझी ट्रंक आधीच सोप्यात आणून ठेवली होती. कुणी ठेवली, ते मी विचारलं नाही. आत्याबाईंनी त्याला आग्रह करकरून पोळी वाढली आणि लोण्यासारख्या मऊ आवाजात म्हणाल्या, “पावनं, पोरीत खोट काय बी न्हाई. पर शेणाची किळस हाय तिला, त्येला ती तरी काय करनार? ऱ्हाऊ दे थोडी वर्सं तिकडंच.”

भावाचा घास हातातच राहिला. त्यानं माझ्याकडं पाहिलं. मला दिसली ती धाकटी बहीण.

आणि मी बोलले. सोप्यात, सगळ्यांसमोर. माझा आवाज एवढा मोठा आहे हे मलाच माहीत नव्हतं.

“आत्याबाई, धार काढताना तुम्ही हेच म्हणालात ना, तेव्हा मी भिंतीमागं होते. शेणी थापायला शिकत होते. तुम्ही हसाल म्हणून लपून. कोपरापर्यंत हात शेणानं भरले होते माझे!”

मामंजींनी पाण्याचा तांब्या खाली ठेवला.

जाऊबाईंनी कपाळावर हात मारला. “आगं बया! भिंतीवरच्या त्या वाकड्यातिकड्या शेणी तुज्या व्हय? मग तवाच म्होरं येऊन हात दावायचे हुते की! गेली कुठं हुतीस?”

सगळे माझ्याकडं बघायला लागले. एखादं खोटं सुचलं असतं तर किती बरं झालं असतं!

“हात धुवायला,” मी म्हणाले.