बॉम्ब शेल्टरमधलं आसव

किस्से कोणी ठरवून जमवत नाही. कपाटात प्लास्टिकच्या पिशव्या साठतात तसे ते साठत जातात आणि एक दिवस दार उघडलं की सगळे अंगावर येतात. आमच्याकडे बाटल्या केव्हाच रिकाम्या होतात, त्यांचे किस्से मात्र संपत नाहीत. परवा एका पार्टीत जोगळेकर हेच किस्से सांगत होता आणि प्रत्येक किश्श्यात शहाणा तोच होता! तेव्हा म्हटलं, आता आपणच लिहून टाकलेले बरे.

आमचं त्रिकूट असं. मिलिंद पुंगोलला राहतो, आयटीत मॅनेजर आहे. जोगळेकर बँकेत आहे, बुकित तिमाहला महागड्या कॉन्डोत राहतो आणि तसं दर दहा मिनिटांनी सांगतो. मी बिशानचा, साधा अकाउंटंट. तिघेही मूळचे पुण्याचे, सिंगापूरला येऊन सतरा-अठरा वर्षं झालेली. मिलिंदला एक खोड आहे. एखादी गोष्ट घरी करता येते असं कळलं की तो स्वस्थ बसत नाही. त्याने घरी साबण केला, चीज केलं, एकदा टूथपेस्टसुद्धा केली. ती त्याची बायको अश्विनी अजून चांदीची भांडी घासायला वापरते.

एक दिवस म्हणाला, "स्टाउट करू या. काळी, दाट, कडक." घरापुरती बिअर करायला इथे परवानगी आहे, विकायची नाही एवढंच. आमची बिअर कोणी विकत घेईल अशी भीती तेव्हा तरी नव्हती.

*

कृती ऐकायला चहाइतकी सोपी आहे. जवाला मोड आणून वाळवले की मॉल्ट होतं, आपल्या नाचणीच्या सत्त्वाचं भावंडच. त्यात अगदी काळपट होईपर्यंत भाजलेले जव मिसळायचे, सगळं भरडायचं, तासभर गरम पाण्यात ठेवून गाळायचं, हॉप्स नावाची कडू फुलं घालून उकळायचं, गार झालं की यीस्ट घालायचं आणि कॅनला झाकण लावून वाट बघायची.

भरडण्यासाठी आम्ही लिटिल इंडियातल्या एका गिरणीत गेलो. गिरणीवाले अण्णा कपाळभर भस्म लावलेले, शांत गृहस्थ. त्यांनी विचारलं, हे कशासाठी? त्या कपाळाकडे बघून मिलिंदला बिअर म्हणायचा धीर झाला नाही. तो म्हणाला, "पॉरिज."

"For baby?"

मिलिंदने होकारार्थी मान हलवली. अण्णांना इतका जिव्हाळा वाटला की त्यांनी ते सगळं दोनदा दळलं, अगदी मैद्यासारखं! घरी येऊन गरम पाण्यात घातलं तर मोठ्या पातेल्यात एकच काळा गोळा झाला. उलथनं उभं राहत होतं. गाळण्याचा प्रश्नच नव्हता. अश्विनी ऑफिसातून आली, तिने पातेल्यात डोकावलं आणि गूळ किती घालायचा ते विचारलं.

*

दुसऱ्या खेपेला भरड नीट झाली, यीस्टही लागलं. इथल्या नव्या फ्लॅट्समध्ये एक बॉम्ब शेल्टर असतं. जाड भिंती, खिडकी नाही, लोखंडी दार. लोक त्यात सूटकेस आणि तांदळाची पोती ठेवतात. मिलिंदने बिअर ठेवली. बाटल्या भरताना प्रत्येकीत थोडी साखर घालायची असते, त्याने गॅस धरतो. मिलिंदने साखर घातली. तो फोन घ्यायला गेला तेवढ्यात मी घातली. मी हात धुवायला गेलो तेव्हा जोगळेकरला वाटलं की हे दोघं विसरलेत.

पुढच्या रविवारी भर दुपारी आम्ही वरणभात खात असताना पहिली बाटली फुटली. मग दुसरी. मग मोजणं सोडून दिलं. शेजारचे टॅन अंकल बनियनवर धावत आले. लोखंडी दाराखालून काळा फेस सावकाश हॉलमध्ये येत होता. अंकलनी दाराकडे पाहिलं, फेसाकडे पाहिलं, आणि फार समजुतीच्या सुरात मिलिंदला म्हणाले, "Bomb supposed to be outside, lah. You go inside."

*

मग काकू आल्या.

काकू म्हणजे मिलिंदची आई. वय चौऱ्याहत्तर, पाठ ताठ, आवाज बारीक. काका गेल्यावर त्या पुण्यात थोरल्या मुलाकडे, विवेककडे राहत होत्या. एक दिवस त्यांनी लोणी काढायला फ्रीज उघडला आणि लोण्याच्या सटाशेजारी बिअरची बाटली दिसली. एक शब्द न बोलता त्यांनी बॅग भरली आणि साताऱ्याला बहिणीकडे, शांतामावशींकडे गेल्या. विवेकने बाटली फेकली, माफी मागितली, साताऱ्याला चार खेपा घातल्या. काकू काही परत गेल्या नाहीत.

शेवटी मिलिंदने त्यांना सिंगापूरला यायला राजी केलं. चांगी विमानतळावर त्यांची वाट बघत उभे होतो तेव्हा तो आम्हाला म्हणाला, "आईने माझ्या घरातून बॅग भरली ना, तर ती परत यायची नाही. आणि मला ती हवी आहे रे. बाबांच्या वेळी मी पोचलो नव्हतो." आम्ही तोंडं शिवून ठेवायचं कबूल केलं.

अडचण एवढीच होती की तिसरी खेप शेल्टरमध्ये बुडबुडत होती. मिलिंदला वाटलं होतं, लोखंडी दार आईला उघडणार नाही. दुसऱ्याच दिवशी काकूंनी लोणच्याची बरणी ठेवायला ते एका हाताने उघडलं.

"हे काय रे?"

"आसव आहे," मिलिंद म्हणाला. "द्राक्षासवासारखं. हिमोग्लोबिन वाढायला."

"कोणाचं?"

मिलिंदने आजूबाजूला पाहिलं. सगळ्यात जवळ जोगळेकर उभा होता.

*

जोगळेकर आठवड्यातून चार दिवस जिमला जातो आणि त्याचे गाल टोमॅटोसारखे आहेत. पण त्या दिवसापासून तो पांडुरोगी ठरला. तो आला की काकू त्याची खालची पापणी ओढून बघायच्या आणि सुस्कारा टाकायच्या. मग बीटाची कोशिंबीर, खजुराचे लाडू, अळिवाची खीर. नाही म्हणायची सोय नव्हती, कारण नाही म्हटलं तर आसव कशाला हवं? दोन महिन्यांत त्याच्या पँटी बसेनाशा झाल्या.

एकदा त्याने भिडेखातर काकूंसाठी पेढ्यांचा मोठा बॉक्स आणला. काकूंनी तो हातात घेतला, उलटा करून बघितला.

"घरी केलेत?"

"नाही काकू, दुकानातून."

काकूंनी बॉक्स बाहेर चपलांच्या रॅकवर ठेवला. त्यांच्या घरात विकतचं लोणचं, विकतचा मसाला, विकतचं तूप कधी आलं नव्हतं, हे मिलिंदने आम्हाला आधी सांगायला हवं होतं. पेढे टॅन अंकलनी खाल्ले आणि त्यांना फार आवडले.

*

तिसरी खेप आंबली. मिलिंदने शेल्टरमध्ये बसून झाकण उघडलं आणि त्याचा चेहरा पडला. काकू मागून आल्या, वास घेतला आणि लगेच म्हणाल्या, "ह्यात कोणीतरी हात घातलाय."

घातला होता. जोगळेकरने चमचा पडला म्हणून कोपरापर्यंत हात घातला होता. त्याने कबूल केलं. काकूंनी त्याच्याकडे असं बघितलं की बिचारा खरंच पांढरा पडला.

"पन्नास वर्षं लोणची घालतेय," त्या म्हणाल्या, "एक बरणी बिघडली नाही. पुढचं आसव माझ्या देखरेखीखाली होईल."

आणि आमचं सोवळं सुरू झालं! आधी आंघोळ. मग धुऊन, वाळवून, कोणी न शिवलेले कपडे. एमआरटी मेट्रोतून आलेल्या कपड्यांनी स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं नाही. भांडी उकळत्या पाण्यातून काढून उन्हात. बोलताना कॅनवर तोंड न्यायचं नाही, आणि जोगळेकरने तर बोलायचंच नाही. पुस्तकांत बिअरच्या स्वच्छतेबद्दल जे पानंच्या पानं लिहिलंय ते सगळं काकूंना आधीपासून माहीत होतं. आम्हाला मात्र ते पुस्तकात वाचून पटलं नव्हतं.

उकळायच्या दिवशी मिलिंदने काकांचा जुना रेशमी मुकटा नेसला होता. उघडं अंग, हातात भलं मोठं लाकडी ढवळणं, समोर वाफेचा लोट. नेमका ऑफिसचा व्हिडिओ कॉल आला आणि कॅमेरा चालू राहिला. त्याचा बॉस पक्का इथला माणूस. तो आदराने म्हणाला, "Religious day ah? Then why you never take leave?"

मिलिंदला त्या दिवशी अर्ध्या दिवसाची रजा मिळाली.

*

यीस्टला गारवा लागतो आणि सिंगापुरात गारवा फक्त मॉलमध्ये असतो. म्हणून कॅन पाण्याच्या टबात ठेवायचा आणि पाण्यात बर्फ झालेल्या बाटल्या सोडायच्या, दिवसातून तीनदा बदलायच्या. आम्ही सगळे ऑफिसात. तेव्हा हेही काम काकूंनी घेतलं. टबाशेजारी स्टूल टाकून त्या हरिपाठ म्हणायच्या. मग मिलिंदला व्हॉइस मेसेज. एकदा मीटिंगमध्ये चुकून तो स्पीकरवर वाजला: "अरे, सकाळपासून पोटात गुडगुड कमी झालीय, पण वास चांगला आहे. काळजी करू नकोस."

त्याच्या टीममधल्या एका मराठी मुलीने संध्याकाळी आजींच्या प्रकृतीची चौकशी केली.

मला मात्र त्या स्टुलावर बसलेल्या काकू बघून कसंतरी व्हायचं. आपण तिघं मिळून एका म्हातारीला फसवतोय, आणि ती आपल्यासाठी बर्फ बदलतेय. मिलिंदला तर रोज वाटायचं की आज सांगून टाकावं. पण मग त्याला विवेकच्या दारातली ती बॅग आठवायची आणि तो गप्प बसायचा.

*

बाटल्या भरल्या, साखर एकाच माणसाने घातली, आणि काकूंनी तीन महिने कोणाला हात लावू दिला नाही. मुरल्याशिवाय लोणचं काढायचं नाही, तसंच.

एका शनिवारी जेवणाच्या वेळी त्यांनी स्वतःच परवानगी दिली. मिलिंदने पहिली बाटली उघडली. स्टाउट ग्लासात उतरली ती काळीभोर, वर बदामी फेस. मी घोट घेतला. भाजलेल्या कॉफीचा वास, मागून गुळाच्या काकवीसारखी चव, आणि मग सावकाश घशातून उतरणारा कडकपणा. सतरा वर्षांत मी सिंगापुरात इतकं चांगलं काही प्यायलो नव्हतो. जोगळेकरने डोळे मिटले आणि पाच मिनिटं कॉन्डोचं नाव काढलं नाही.

काकू आमच्याकडे बघत होत्या, खूश दिसत होत्या. म्हणाल्या, "मिलिंद, ह्यातल्या दोन बाटल्या नीट बांधून ठेव. खालच्या मजल्यावरचे कुलकर्णी पुढच्या आठवड्यात गावी चाललेत, त्यांच्याबरोबर शांताताईला पाठवते. तिचंही हिमोग्लोबिन फार कमी झालंय."

शांतामावशींचं वय एकोणऐंशी. सकाळ-संध्याकाळ ब्लड प्रेशरची गोळी. आम्ही तिघांनी एकमेकांकडे पाहिलं.

मिलिंदने ग्लास खाली ठेवला. "आई, ते आसव नाही. बिअर आहे. चांगली कडक बिअर. मी पहिल्या दिवसापासून तुझ्याशी खोटं बोललो."

काकू उठल्या आणि आपल्या खोलीत गेल्या. दार लोटलं. आतून कपाट उघडल्याचा आवाज आला आणि मग बॅगची चेन सरकल्याचा.

मिलिंद खुर्चीत तसाच बसून राहिला. अश्विनी दारापर्यंत गेली आणि परत आली. मला त्याच्या पाठीवर हात ठेवावासा वाटला, पण ठेवला नाही. त्याची लेक रेवा तेवढी म्हणाली, "Ajji going where?"

दार उघडलं. काकूंच्या हातात बॅग नव्हती. जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळलेला चांदीचा पेला होता, काकांचा. त्यांनी तो सोडवला, पदराने पुसला आणि मिलिंदपुढे धरला.

"घाल. बेताने ओत, ह्यांना फेस आवडायचा नाही."

मिलिंदने ओतलं. काकूंनी पेला नेऊन काकांच्या फोटोसमोर ठेवला आणि परत येऊन आपल्या जागेवर बसल्या, जोगळेकरच्या पानात बीटाची कोशिंबीर वाढली.

मिलिंदने विचारलं, "अगं पण आई, मग विवेककडून का निघून गेलीस?"

काकूंनी टेबलावर सांडलेला थेंब फडक्याने टिपला.

"विवेककडे विकतची होती."