दोनशे पत्रावळींची पलटण

माझ्या सासूचा जीव पाण्यात. अन्नाला तिनं कुणाला कधी नाही म्हटलं नाही, पण पाणी द्यायची वेळ आली की हात आखडायचा. आमचं गाव साखऱ्याच्या बाजूचं. उन्हाळ्यात विहिरीच्या तळाशी बसून वाटीवाटीनं घागर भरावी लागे. पाहुणा आला की अर्धा तांब्या. पाय त्यातच धुवा, चूळ त्यातच भरा अन् तहानही त्यातच भागवा. मी नवी सून, लाजेनं मेल्यासारखी व्हायची.

अठ्ठेचाळीस सालचा उन्हाळा होता. निजामाचं राज्य डळमळलेलं, लुटारूंच्या टोळ्या मोकाट सुटलेल्या. निम्मं गाव गाड्या जुंपून निजामाच्या हद्दीपलीकडे वाशिमला निघून गेलं. आमचीही गाडी जुंपली होती. पण नणंद पहिल्या बाळंतपणाला आलेली. पोरगी होऊन दोन दिवस झाले तरी अंगावरून जाणं थांबेना. सुईण म्हणाली, "गाडीचे हिसके बसले तर हद्दीवरच्या कनेरगाव नाक्यापोतर बी टिकायची न्हाई ही."

सासूनं बैल सोडले. "लेकीला टाकून म्या कुटं जाऊ?" तिच्यामागं आम्ही चाळीसेक माणसं राहिलो.

शेजारचे पिंजारीचाचा गाद्या भरायचे. तरुणपणी, पहिल्या महायुद्धात, फौजेचे स्वयंपाकी म्हणून बसऱ्यापर्यंत जाऊन आले होते. ते म्हणाले, "भाभी, फौज न्हाई तर न्हाई, फौजेच्या चुली तर मांडू! तिकडं आमी रिकाम्या तंबूंपुढं चुली पेटवायचो. दुश्मन लांबून धूर मोजायचा अन् बराबर फसायचा."

झालं! हद्दीपलीकडून पलटण येऊन उतरली अशी आवई उठवली. घरामागच्या आमराईत चाळीस चुली मांडल्या. आमच्या ह्यांनी शेतातली बुजगावणी उपटून आणली, मातीत लोळवून खाकी केलेल्या बंड्या त्यांना घातल्या, खांद्यावर काठ्या दिल्या अन् दूर झाडांआड उभी केली. एकाची मान सारखी कलायची. चाचा त्याला "सरळ उभा ऱ्हा, हरामखोर!" म्हणून दरडावायचे अन् आम्ही बाया पदर तोंडाला लावून हसायचो. एवढ्या धास्तीतही हसू यायचं, काय सांगू.

तेवढ्यात कळलं, सुया-पोत विकणारा एक फेरीवाला शेजारच्या गावात येऊन राहिलाय. हा ज्या गावात गाठोडं सोडी, तिथं दोन दिवसांनी टोळी येई. आम्ही बायांनी घाईघाईनं पळसाच्या दोनशे पत्रावळी लावल्या. पण त्या उष्ट्या दिसायला हव्यात! कुणी म्हणालं, थोडं थोडं अन्न सांडून टाका. सासू कडाडली, "अन्न फेकायचं? मी मेल्यावर फेका!"

मग पंगतच बसवली. त्या दिवशी बाळाची पाचवी होती, निमित्तही मिळालं. कण्या आणि वरण. एका पत्रावळीवर दोन घास खायचे, उठायचं, पुढच्या पत्रावळीवर बसायचं. चाळीस माणसांनी दोनशेंची पंगत उठवली. चाचा आपल्या पाचव्या पत्रावळीवर होते, तेवढ्यात फेरीवाला समोर उभा! आम्ही बाया पटकन उठून उभ्या राहिलो.

सासू मात्र हलली नाही. "या, बसा. नातीची पाचवी हाय. पलटण आत्ताच जेवून कवायतीला गेली."

तो जेवला. सासूनं बाजूच्या घागरीतून त्याला अर्धा तांब्या पाणी दिलं. पाणी पिता पिता त्यानं झाडांकडं पाहिलं, पत्रावळींकडं पाहिलं. घरातून बाळ रडलं.

"पोरगं का पोरगी?"

"पोरगी. माय लई नाजूक हाय तिची," सासू म्हणाली अन् पहिल्यांदा तिचा आवाज कापला.

त्यानं गाठोड्यातून काळ्या मण्यांची मनगटी काढून सासूच्या हातावर ठेवली. मग हळूच म्हणाला, "माय, दोनशे माणूस जेवलं अन् घागर एकच? उद्या दुसरा माणूस बघायला येणार हाय. रांजण मांडा, चांगले पंधरा-वीस." अन् चालू लागला.

त्यानं काहून सांगितलं, देव जाणे.

चाचांनी कपाळावर हात मारला. "या अल्ला! बसऱ्याला नदी व्हती, पानी कोण मोजतं!" आणि आमच्यात तरी कुणाच्या ध्यानात यावं? जन्मात पोटभर पाणी प्यालेलं माणूस त्या गावात होतंच कोण! गावातले सगळे रांजण आमराईत आणले. रिकामेच, पण तोंडावर फडकी बांधून. दुसऱ्या दिवशी टेकाडावरून एक माणूस बराच वेळ बघत उभा होता. परत फिरला. टोळी आमच्याकडं आलीच नाही. आठवड्यानं नणंद भिंतीला टेकून बसली अन् मला म्हणाली, "वहिनी, भूक लागलीय." त्या दिवशी किती बरं वाटलं!

मिरगाच्या तोंडावर तो फेरीवाला पुन्हा आला. टोळीची संगत सोडून दिली म्हणाला. ओट्यावर बसला. मी सवयीनं अर्धा तांब्या भरून आणला. सासूनं तो बाजूला सारला, घरातली भरलेली घागर दोन्ही हातांनी उचलली आणि त्याच्या धुळीनं माखलेल्या पायांवर ओतू लागली.

"माय, पुरे! पानी वाया चाललं!"

"आत्याबाई, सांजच्याला काय प्यायचं?" मीही ओरडले.

सासूनं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. घागर पार उलटी करून ती म्हणाली, "शेजारून मागून आण दुसरी. बोटांतली माती अजून निघाली न्हाई त्याच्या."