गंज उतरवणाऱ्या प्रयागबाई

शहरातल्या सदर भागातल्या बंदुकांच्या दुकानात मागच्या खोलीत एक बाई काम करते, हे काउंटरवरच्या बहुतेक गिऱ्हाइकांना ठाऊक नसे. प्रयागबाई शंभरकर रोज इंदोरा वस्तीतून चालत यायच्या, पदर खोचून खिडकीखालच्या बाकड्यावर बसायच्या. पूर्वी त्यांचे यजमान याच दुकानात मिस्त्री होते. तेव्हा दुपारी डबा घेऊन आल्या की त्या तासभर त्यांच्याशेजारी बसून बंदुकीच्या नळ्या पुसू लागत. अडुसष्ट साली यजमान गेले आणि मालक भैयाजींनी त्यांना झाडलोटीला ठेवलं. पण गंज उतरवायचं काम दुसऱ्या कोणाला तसं साधेना, म्हणून वर्षभरात झाडू सुटला.

एकाहत्तरच्या दिवाळीनंतर उमरेडकडचे गणपतराव एस.टी.नं दुनळी बंदूक घेऊन आले. आषाढात त्यांनी रानडुकरावर दोन बार काढले होते आणि बंदूक तशीच कापडी खोळीत घालून माळ्यावर टाकली होती. आता नळ्या विटकरी झाल्या होत्या.

"वडिलांची आहे," ते भैयाजींना म्हणाले. "पॉलिश मारून आरशासारखी करून द्या."

भैयाजी बंदूक घेऊन मागे गेले. मागोमाग आलेले गणपतराव बाकड्यावर बाई पाहून दारातच थांबले. प्रयागबाईंनी बंदूक उघडली, दोन्ही नळ्या रिकाम्या आहेत हे पाहिलं आणि आत उजेड धरला.

"बार काढल्यावर पुसली नाही का, भाऊ?"

"नाही. पाऊस होता."

"बारुदाची राख आत राहिली. ते ओल धरते अन् लोखंड खाते." त्यांनी नळीवर अंगठा फिरवला. गंजाखाली कोरलेली अक्षरं हाताला लागत होती. "पॉलिशनं गंज जाईन, पण काळा रंगही जाईन अन् हे नावही. आठ दिवस ठेवा."

गणपतराव भैयाजींकडे वळले. "बाईच्या हातात देऊन राहिले का तुम्ही?"

"न्यायची असन तर न्या," भैयाजी शांतपणे म्हणाले. "या कामाले माझ्याकडे याहून चांगला हात नाही."

गणपतरावांनी बंदूक ठेवली, पण मनातून नाही.

प्रयागबाईंनी नळ्यांना दोन दिवस रॉकेलच्या चिंध्या गुंडाळून ठेवल्या. मग जुन्या तांब्याच्या पैशाच्या कडेनं गंजाचे पापुद्रे सोडवले. तांबं पोलादापेक्षा मऊ, ते ओरखडा काढत नाही. लोखंडाला घट्ट धरून बसलेला लाल गंज खरवडून निघेना, तेव्हा त्यांनी नळ्या लांब पत्र्याच्या भांड्यात उकळल्या. लोखंड पाण्यात घालतात म्हटल्यावर नवखा माणूस हसायचा; पण उकळीत लाल गंज काळा पडतो आणि तोच नळीचा रंग होतो, हे यजमानांनी त्यांना दाखवलं होतं. गरम नळ्या कोरड्या करायच्या, बारीक तारेच्या चोथ्यानं हलके घासायच्या, पुन्हा उकळायच्या. तीन वेळा झालं तेव्हा त्यांचा हात थांबला. शेवटी तेल दिलं.

नवव्या दिवशी गणपतराव आले. नळी आरशासारखी नव्हती. गर्द काळी होती, उजेडात जरा निळसर. वडिलांचं नाव सबंध वाचता येत होतं. ते काही बोलायच्या आत प्रयागबाईंनी बंदूक फिरवून खालची बाजू दाखवली.

"हे चार खड्डे राहिले. तिथलं लोखंडच खाल्लं गेलं. घासून सपाट केले असते तर नळी पातळ झाली असती, बार काढायले धोका."

दिसले नसते असे खड्डे बाईनं आपणहून दाखवले, याचं गणपतरावांना नवल वाटलं. ते बाकड्याच्या कडेला बसले.

"पुसायची कशी, तेवढं मले शिकवून द्या, बाई."

त्यांनी शिकवलं. आधी रॉकेलची चिंधी, मग कोरडी, मग तेलाचं बोट. आणि खोळीत कधी ठेवायची नाही. गणपतरावांनी ते आपल्या हातानं दोनदा करून दाखवलं, मगच उठले. पुढे उमरेडकडची माणसं दुकानात आली की विचारायची, "ते बाई आहेत का?"

चौऱ्याऐंशीत नजर मंदावली तसं प्रयागबाईंनी काम सोडलं. त्यांच्या जागी भैयाजींनी दोन माणसं बसवली. त्या दोघांचा हात बसेपर्यंत, सहा महिने, प्रयागबाई दर बुधवारी येत, डोळे मिटून नळीवर अंगठा फिरवत आणि कुठे गंज राहिला ते सांगत.