प्रोप्रायटर बिभीषण गर्जे

बिभीषण गर्जे मालक कसा झाला हे मला जेवढं माहीत आहे तेवढं त्याच्या बायकोलाही नसेल, कारण त्याला मालक मीच केलं. नागापूरच्या एमआयडीसीत, कारखान्यांच्या गेटांसमोर गाळे आहेत, त्यातल्या एकात माझं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. आधार, पॅन, रेशनकार्ड, शाळेचे दाखले. लोक कागद आणतात, मी ते कॉम्प्युटरवर चढवते. त्यातून कोणाचं भलं होतं आणि कोणाचं वाटोळं, हे मी विचारत नाही. निदान तोवर विचारत नव्हते.

बिभीषण समोरच्याच कारखान्यात चौदा वर्षं लोखंडी भागांना ग्राइंडर मारत होता. माणूस पाथर्डीकडचा. आईबाप ऊसतोडीला जायचे, याचा जन्मही तिकडं फडावरच्या कोपीत, पाचटाच्या झोपडीत झालेला. दर दिवाळीला शाळा सुटायची ती उन्हाळ्यातच परत दिसायची, आणि सातवीत कायमचीच सुटली. आईचं नाव लंकाबाई, बापाचं श्रीमंत. लंकेच्या पोटी बिभीषण म्हणून सगळे चिडवायचे, तोही हसायचा. बापाच्या नावावरून मात्र कोणी चिडवत नसे, कारण ते फारच जिव्हारी लागलं असतं. चौदा वर्षांत कॉन्ट्रॅक्टर चार बदलले, ग्राइंडरवर बिभीषण तोच. कंपनीनं त्याला कायम काही केलं नाही, पण कामगार म्हणून नोंद होती, फंड कापला जात होता, कामगार विम्याच्या दवाखान्याचं कार्ड होतं.

सुटीच्या दिवशी तो मोटरसायकलवर छोटं मशीन बांधून आसपासच्या गोठ्यांवर जायचा आणि कडबाकुट्टीच्या पात्यांना धार लावून द्यायचा. त्याच्या हाताला गुण होता. गोठेवाले बोथट पाती त्याच्यासाठी राखून ठेवायचे, दुसऱ्याला हात लावू द्यायचे नाहीत.

दोन वर्षांपूर्वी असाच एका सुटीच्या दिवशी तो इस्त्रीचा शर्ट घालून दुकानात आला.

"ताई, मला धंद्याचं सर्टिफिकेट काढायचंय. सोताच्या नावावर."

"कर्ज काढायचंय का?" मी विचारलं. एरवी कोण येतं या कागदासाठी?

"न्हाई वो. निस्तं कागदावर पायजे. आमच्यात कुनाच्या नावावर कायबी न्हाई बघा. जमीन चुलत्याच्या नावावर, खोली भाड्याची, गाडी मेव्हन्याच्या नावावर."

मी समजावून सांगितलं, की हा एकट्या माणसाचा धंदा. भागीदार नाही, कंपनी नाही. कायद्याच्या नजरेत तुम्ही आणि धंदा एकच. त्याला ते फार आवडलं. आधार, पॅन, पासबुक, मोबाईलवर आलेला ओटीपी, अर्ध्या तासात काम झालं. सरकारी फी शून्य, माझे शंभर. 'लंका ग्राइंडिंग वर्क्स, प्रोप्रायटर बिभीषण श्रीमंत गर्जे.' ओळीखाली बोट ठेवून त्यानं ते तीनदा वाचलं. मग लॅमिनेशन करून घेतलं. आठवड्यानं शहरातून शिक्का करून आणला आणि माझ्या डायरीच्या पानावर उमटवून दाखवला. मी म्हटलं, शेठ, आता पेढे द्या. त्यानं खरंच पाव किलो आणले.

इथंच थांबला असता तर बरं होतं. पण आनंद काही माणसाच्या पोटात राहत नाही. त्यानं ते सर्टिफिकेट डब्याच्या पिशवीतून कारखान्यात नेलं आणि सुपरवायझर हनुमंत साहेबांना दाखवलं. साहेबांनी वाचलं, आत जाऊन कोणाशी तरी बोलून आले, आणि बिभीषणला केबिनमध्ये बोलावलं. चौदा वर्षांत पहिल्यांदा त्याला तिथं खुर्ची मिळाली, वर चहा. साहेब म्हणाले, आता तुम्ही धंदेवाले झालात, हजेरीवर कशाला राहता? काम तेच, मशीन तेच, फक्त महिन्याच्या शेवटी बिल द्यायचं. कपात नाही, हातात जास्त येतील.

'तुम्ही' म्हणाले, हे त्यानं मला दोनदा सांगितलं.

बिलं मीच टाइप करायची. वीस रुपयांना एक. तो खाली डाव्या कोपऱ्यात शिक्का मारायचा, वाकडा होऊ नये म्हणून श्वास रोखून. मी कधी विचारलं नाही, की अहो, मशीन त्यांचं, वेळ त्यांची, शिवी त्यांची, मग हा धंदा तुमचा कसा? मला कळत नव्हतं असं नाही. कळत होतं. वीस रुपये घेत होते, म्हणून गप्प होते.

सातव्या बिलानंतर दहाव्या दिवशी ग्राइंडरचं चाक फुटलं. उजव्या हाताची तीन बोटं गेली. सोबतच्या लोकांनी त्याला रिक्षात घालून त्या कार्डाच्या दवाखान्यात नेलं, तर खिडकीवर सांगितलं, यांची आता कामगार म्हणून नोंदच नाही. त्याची बायको आरती अंगठी आणि मणी मोडून दुसऱ्या दवाखान्यात पैसे भरत राहिली. कंपनीनं एक माणूस पाठवला. तो सफरचंदं घेऊन आला, आणि जाताना गेटपास घेऊन गेला.

मग सरकारी कचेरीत अर्ज. मागणी एकच, की हा आमचा कामगार आहे हे कंपनीनं कबूल करावं. तेवढं ठरलं तर भरपाई, उपचार, पुढचं सगळं. नाही ठरलं तर काहीच नाही. अर्जही मीच टाइप केला, त्याचे मात्र पैसे घेतले नाहीत. एवढीच माझी धर्मबुद्धी.

सुनावणीला मी सोबत गेले. बाहेर बाकावर त्याला पढवलं, "साहेब शिक्क्याबद्दल विचारतील. सांगायचं, कंपनीनं करायला लावला. धंदाबिंदा काही नाही, सगळं कागदोपत्री." त्यानं मान डोलावली.

अधिकारी माणूस वाईट नव्हता. त्यानं सातही बिलं टेबलावर मांडली आणि बिभीषणच्या बांधलेल्या हाताकडं बघून विचारलं, "हा शिक्का तुम्हीच केला, की तुम्हाला कोणी करायला लावला?" म्हणजे उत्तर जवळजवळ हातातच दिलं.

बिभीषण त्या शिक्क्याकडं बघत राहिला. मी मागून खाकरले.

"माजाच हाय साहेब. म्या सोता केलाय."

"म्हणजे तुमचा धंदा खरोखर आहे?"

"व्हय. धार लावतो. लावत हुतो."

कंपनीच्या वकिलानं फाईल मिटली. आवाज न चढवता तो म्हणाला, "मग यांनी भरपाई आपल्या मालकाकडं मागावी. मालक हेच आहेत."

अर्ज निकाली निघाला.

बाहेर आल्यावर मी त्याच्यावर अक्षरशः ओरडले. रस्त्यावरचे लोक बघायला लागले. एक वाक्य बोलायचं होतं तुम्हाला, म्हटलं, आणि तेही अर्धं खरंच होतं. पोरांच्या तोंडचा घास घालवला तुम्ही! तो माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठा, पण मान खाली घालून ऐकत राहिला. मग म्हणाला, "ताई, अख्ख्या जल्मात एकच गोष्ट माज्या नावावर झाली. तीबी माजी न्हाई म्हनू व्हय?"

मला त्याचा राग आला, दया आली, आणि सगळ्यात जास्त स्वतःची किळस आली. आम्ही एकाच रिक्षातून परतलो. पुढच्या महिन्यात खोली सोडून तो बायकापोरांसह गावी गेला. मोटरसायकल मेव्हण्यानं परत नेली.

त्यानंतर दीड महिन्यानं हनुमंत साहेबांनी बिभीषणच्याच खात्यातली नऊ माणसं माझ्याकडं पाठवली. आधार, पॅन, पासबुक घेऊन दारात रांग. त्यांना काय काढायचंय हे मी ओळखलं. सगळ्यांना आत घेतलं आणि बिभीषणचं जे झालं ते पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितलं, माझ्या वीस रुपयांसकट. त्यांनी ऐकून घेतलं.

त्यांच्यातला वयानं मोठा होता तो म्हणाला, "आमाला ठावं हाय ताई. रिक्षात त्याला आमीच घातलं हुतं. पर साहेब म्हनले, कागद न्हाई तर उद्यापासून गेट न्हाई. भरा तुमी."

मी भरले. शेवटच्याचा ओटीपी येतच नव्हता, दोनदा पुन्हा मागवावा लागला. तेवढ्यात दुसऱ्या पाळीचा भोंगा झाला, आणि नऊच्या नऊ मालक डबे काखोटीला मारून गेटाकडं पळाले.