नानांनी ओवाळलेली नोट

माझे वडील 'पोरींवर नोटा उडवणारा म्हातारा' म्हणून गेले.

ती पोरगी मी होते.

आज नानांना जाऊन वर्ष झालं. तिथीप्रमाणे वर्षश्राद्ध कालच झालं. बुंदी वाढता वाढता आमच्या गोडादरा वस्तीतल्या एका काकांनी तोच किस्सा पुन्हा काढला. "नाना म्हणजे रंगेल माणूस हं! पार क्लबमध्ये जाऊन पोरींवर नोटा!"

पंगत हसली.

मी पाण्याचा जग घेऊन तिथेच उभी होते. मीसुद्धा थोडं हसले. किती निर्लज्ज असावं माणसानं!

म्हणून आज लिहितेय. अख्खं लिहितेय. सासरचे वाचतील. वाचू देत.

लग्नाआधी मी पर्वत पाटिया भागातल्या एका ऑफिसात साड्यांच्या बॉर्डर डिझाइन करायचे. सीझन चांगला गेला म्हणून शेठनी डुमस रोडवरच्या एका क्लबात सगळ्या स्टाफला पार्टी दिली. मेसेजमध्ये लिहिलं होतं, 'कॉकटेल नाइट'.

आता गुजरातेत दारूबंदी. त्यामुळे बार चकचकीत, उंच स्टुलं, रंगीत लाइट, डीजे सगळं जोरात, आणि ग्लासात लिंबू, पुदिना, सोडा.

घरी मी "ऑफिसचं जेवण आहे" एवढंच सांगितलं होतं. नुकतंच माझं लग्न जमलं होतं आणि सासरचे लोक कडक.

नाना मला घ्यायला आले. पॉवरलूमवरची ड्युटी संपवून, तसेच. शर्टाला धाग्यांचे तुकडे चिकटलेले. ते बाहेरच थांबले असते, पण शेठनी पाहिलं आणि हाताला धरून आत आणलं. "आवो ने काका, घरना ज छो!" म्हणजे, या की, घरचेच तुम्ही.

मला वाटलं, मेले आता.

नानांनी माझा ग्लास उचलून वास घेतला.

"सरबत शे," म्हणाले. आणि चेहरा एकदम सैल झाला.

तेवढ्यात मैत्रिणींनी मला ओढलं. डीजेने आमच्याकडे हळदीत वाजतो ना, अगदी तसा ठेका धरला. मग काय, मी सगळं विसरून नाचले. नाना बघत होते. रागावले नव्हते हो. खूश होते. पोरगी सासरी जाणार म्हणून आधीच हळवे झालेले, त्यात हा ठेका.

त्यांनी खिशातून नोट काढली.

आमच्या खान्देशात आपलं माणूस नाचायला लागलं की त्याच्या डोक्यावरून नोट ओवाळतात आणि वाजवणाऱ्याला देतात. त्याला कोणाची दृष्ट लागू नये म्हणून. भाऊ नाचला तर भावावरून, पोरगी नाचली तर पोरीवरून.

नानांनी नोट माझ्यावरून ओवाळली. मग वाजवणाऱ्याला शोधत डीजेकडे निघाले. हात वर, हातात नोट.

बाउन्सरने त्यांची कॉलर धरली.

"ए काका, डान्स बार समझा है क्या?"

मी ओरडले, "पापा हैं मेरे!" त्या आवाजात माझं मलाच ऐकू आलं नाही. गर्दीतून वाट काढत दारापर्यंत पोचले तोवर नाना बाहेर पायरीवर उभे होते. कॉलर सारखी करत होते. माझ्याकडे बघत नव्हते.

शेठनी बाउन्सरला झापलं. त्याने माफीही मागितली. ऑफिसातल्यांना खरं कळलं, पण त्यांचा आमच्या गल्लीशी काय संबंध?

पार्किंगमध्ये आमच्या गल्लीतला एक रिक्षावाला होता. त्याने अर्धंच ऐकलं: नानांनी क्लबात पोरीवर नोट उडवली. पोरगी कोण, ते त्याला कळलंच नाही. सकाळी गोडादऱ्यात चहाच्या टपरीवर तेच अर्धं सगळ्यांना माहीत होतं.

मी तरातरा निघाले होते सांगायला. नानांनी दारातच अडवलं.

"मी म्हतारा मानूस. माले लोके चार दिन हासतीन. तुले जल्मभर बोलतीन. लगीन मोडी जाई."

"निदान आईला तरी सांगू द्या."

"तिना पोटमा काही ऱ्हास का?"

खरंच होतं ते. आईला सकाळी सांगितलेलं दुपारपर्यंत अख्ख्या सोसायटीला कळतं.

मी गप्प बसले. आणि तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं, हेही लिहिते.

माझ्या हळदीला नाना मांडवाबाहेर, गाड्यांपाशी बसून राहिले. आत बायका नाचत होत्या ना. तरी कोणीतरी जाऊन विचारलंच, "काय नाना, नोटा आणल्या का?"

आणि आई.

आई त्यांच्याशी बोलायची थांबली. तिला वाटलं, मला आणायच्या निमित्ताने ते क्लबात शिरले. डबा द्यायची, कपडे धुवायची, ताट वाढायची. बोलायची नाही. मी माहेरी गेले की नाना टीव्हीचा आवाज मोठा करायचे. घर गप्प आहे हे मला कळू नये म्हणून.

मला कळत होतं.

दर वेळी ठरवायचे, पुढच्या खेपेला आईला सांगू. आधी माझं बाळंतपण, मग सासूबाईंचं ऑपरेशन. कारणांना काय तोटा? आणि मग नानांनाच अटॅक आला. लूमवर, उभ्या उभ्या.

काल पंगत उठल्यावर आईला स्वयंपाकघरात नेलं, दार लोटलं आणि सगळं सांगून टाकलं. ती थोबाडीत मारेल असं वाटलं. मारलं असतं तर बरं झालं असतं.

तिने हातातलं ताट ओट्यावर ठेवलं.

मग म्हणाली, "जेवता जेवता तुना नाना मन्हाकडे देखेत. माले वाटे, आते माफी मांगतीन. मी उठी जाऊ."

आणि मला विचारलं, "मी त्यासशी का नही बोलनू वं?"

मी ओट्यावरचं ताट उचलून घासायला घेतलं.

नाना, तुम्ही सरळ माणूस होतात. हे चारचौघांत सांगायला मी तुमच्या मरणानंतरही वर्ष घालवलं.

तुम्हाला मान खाली घालून श्रद्धांजली.