उजवं चाक

बाबांचं तेरावं झाल्यावर ट्रॅक्टर पहिल्यांदा सुरू केला, तेव्हा मागच्या ॲक्सलमधून घरघर ऐकू आली. आई म्हणाली, दुरुस्त होत असेल तर ठेवू, नाहीतर भंगारात देऊ. मला दोन्ही सारखंच वाटलं.

सावंतवाडीहून मेकॅनिककाका आले. त्यांनी मागची चाकं जॅकवर उचलली. मी एकेक चाक हाताने फिरवत होते आणि काका लोखंडी सळीचं एक टोक ॲक्सलला, दुसरं कानाला लावून ऐकत होते. डावं चाक गुपचूप फिरलं. उजवं घरघरलं.

"गियर बरे आसत. उजवेकडचा बेअरिंग गेला," ते म्हणाले. चाक उतरवून त्यांनी ते काढलं आणि माझ्या हातात ठेवलं. "तुझो बापूस सदां उजवेकडेच वळवी काय गो, एकाच ब्रेकार पाय देवन?"

हो, मला माहीत होतं; मागच्या दोन्ही चाकांचे ब्रेक वेगळे असतात आणि बाबा वळताना उजवाच दाबायचे. आमच्या शेताच्या मधोमध राखणदाराचा, म्हणजे शेत राखणाऱ्या देवाचा, दगड आहे. नांगरताना तो उजव्या हाताला ठेवायचा, प्रदक्षिणेसारखा, हा बाबांचा नियम. मी उलटी वळले की ते बांधावरून ओरडायचे. मी अंधश्रद्धेविरुद्धची पत्रकं वाटत वाढले. याच नियमावरून मी त्यांच्याशी वर्षभर बोलले नव्हते. आता पुरावा माझ्या हातात होता, काळा आणि तेलकट.

"माका म्हायत नाय," मी म्हटलं.

नवं बेअरिंग बसल्यावर काकांनी मला शेतात फेरी मारायला सांगितलं. उजवीकडे वळले, आवाज नव्हता. मग दगड डाव्या हाताला ठेवून उलटी फेरी मारली. तरीही आवाज नव्हता. बांधावरून कोणी ओरडलंही नाही.