नलिनीने उघडलेलं दार

दिवाळी सरून आठ-दहा दिवस झाले होते. अंगणात जुनी साडी अंथरून मी चिकूच्या फोडी वाळत घालत होते. बोटांना गोड चीक लागला होता आणि खाडीकडून येणाऱ्या वाऱ्यात सुकत्या बोंबलांचा वास होता. फोन नलिनीच्या धाकट्या भावाचा, माधवचा होता. "ताई, आमची नलूताई गेली," तो म्हणाला. "कॉलेजातून आली, पायरीवर बसली, चपला काढायला वाकली... आणि उठलीच नाही." मी फोडी पसरत राहिले. साडीचा उरलेला कोपराही भरून टाकला. खोटं कशाला लिहू? पहिल्यांदा दुःख आलं नाही, राग आला. आम्ही दोघींनी मिळून एका म्हातारीला शब्द दिला होता आणि नलिनीने तो मला न सांगता मोडला होता. मला तिच्याशी अजून भांडायचं होतं, आणि ती मध्येच उठून गेली होती.

नलिनी तलासरीच्या कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवायची, मी डहाणूला मराठी. २०१४ साली तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात आम्ही दोघी परीक्षक होतो. सगळ्यांची यंत्रं चालत होती, एका मुलीचं तेवढं चाललं नव्हतं, आणि नलिनी पहिला क्रमांक तिलाच द्यायला निघाली होती. "यंत्र का चाललं नाही, हे इथे फक्त हिलाच कळलंय," ती म्हणाली. नंतर माझ्याकडे वळून, "तुम्ही मराठीच्या ना? मग तुम्हाला पटेल. तुमच्यात न जमलेल्या गोष्टींवरच तर सगळं उभं असतं." मी हसले आणि तिच्या बाजूने मत दिलं. पुढची चार वर्षं मी तिच्याच बाजूने मत देत आले. ती मला 'कवयित्री' म्हणायची, कधी कौतुकाने, बहुतेकदा टोमणा म्हणून. तिच्या बोलण्याला पहिल्या चाव्याला तुरट आणि मग जिभेवर रेंगाळणाऱ्या लिंबाच्या सालीची चव होती.

'ओटा', म्हणजे पाड्यापाड्यांना जोडणारं आमचं छोटं जाळं, त्या ओळखीतूनच सुरू झाला. गंजाडच्या बाजूच्या पाड्यांवर फोनला रेंज मिळायची ती टेकडीवरच्या एका ठरावीक दगडावर उभं राहून. नलिनीने जुने, टाकून दिलेले राउटर गोळा केले, ते पांढऱ्या डब्यांत बसवून बांबूच्या टोकाला बांधले आणि एका छपरावरून दुसऱ्या छपराकडे नजर पोचेल असे उभे केले. पाड्यांवर तिला 'डब्यांची बाई' म्हणू लागले. तिच्या खोलीतल्या एका लहानशा संगणकावर सगळ्यांचं बोलणं साठायचं. गंजाडचा कोणी भाताच्या करपलेल्या पात्याचा फोटो टाके, पुढे झाईच्या कोळणी वाऱ्याची खबर देऊ लागल्या, वाढवणचे लोक तिथे होऊ घातलेल्या बंदरावरून एकमेकांशी कडाकडा भांडत. कंपनी नाही, जाहिरात नाही. "मोठ्या कंपन्यांच्या जागेत आपण सगळे भाडेकरू," नलिनी म्हणायची, "आणि आपलं बोलणं हेच तिथलं भाडं. इथे मालकच नाही, कवयित्री. पुढच्या माणसाने फक्त बसायला जागा द्यायची." मला त्या वाक्याचं वेड लागलं. विज्ञान इतकं घरगुती, इतकं सारवलेलं असू शकतं, हे मला तिच्यामुळे कळलं.

लखमीआजींकडे तिला नेलं ते मी. आजी धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी, लग्नाची गाणी म्हणणारी बाई. त्यांची नात रंजना माझी विद्यार्थिनी. पाड्यावरच्या मुली आता शिकायला, कामाला बाहेर पडतात, गाणी कोणाच्या मुखी राहत नाहीत, म्हणून आजींचं गाणं ओट्यावर ठेवावं, मुलींनी सवडीने ऐकून शिकावं, असं रंजनाच्याच मनात आलं होतं. २०१६च्या उन्हाळ्यात तिच्या थोरल्या बहिणीच्या लग्नात आम्ही ते ध्वनिमुद्रित केलं. भिंतीवर तांदळाच्या ओल्या पिठाने देवीचा चौक, लग्नाचं चित्र, लिहिला जात होता. शेणाच्या सारवणावर ते पांढरं सुकू लागलं की खोलीत पहिल्या वाफेच्या भातासारखा वास दरवळे. गाण्याआधी आजींनी आम्हाला थांबवलं.

"लग्नाबिगर हे गाणं म्हनत नाय. पोरींना शिकायचं म्हनून देते. पाड्याच्या भायेर नाय जायचं."

"नाही जाणार," मी म्हणाले.

"तू तर रंजूची बाई, तुझं ठावं हाय मला. ही डब्यांची बाई बोलंल आता. चौकासमोर. मोठ्यानं."

नलिनी हसत म्हणाली, "नाही जाणार, आजी."

"हसू नको. परत बोल."

नलिनी दुसऱ्यांदा बोलली, या वेळी न हसता. मग आजींनी डोळे मिटले आणि घशातून नव्हे, जमिनीतून यावा तसा तो आवाज आला... खरबरीत, ओला, मध्येच तुटून पुन्हा स्वतःला सापडणारा. कवितेच्या तालमीत माझी निम्मी हयात गेली, पण श्वास आणि शब्द यांच्यात शिवण दिसू नये असं मी त्याआधी ऐकलं नव्हतं.

पुढच्या वर्षी नलिनीने दार उघडलं. हा तिचाच शब्द. जगभर आपल्यासारखे ओटे आहेत, म्हणाली, कोणाचा हौशी विद्यार्थ्यांचा, कोणाचा ग्रंथालयाचा. कोणी कोणाचा मालक नाही, पण दारं उघडी ठेवली तर एकाचं बोलणं दुसऱ्याला ऐकू जातं. त्या आठवड्यात बर्फाच्या कुठल्याशा देशातून एका बाईने विचारलं होतं, की फोटोतल्या झाईच्या होड्यांवर डोळे का रंगवलेत. आम्ही दोघी लहान मुलींसारख्या हरखलो. उत्तर मी लिहिलं, नलिनीने त्याचं इंग्रजी केलं. आत काय काय आहे आणि त्यातलं काय बाहेर जाणार, हे त्या दिवशी मी विचारलं नाही. माझ्या वाट्याची चूक तेवढी, आणि ती लहान नाही.

२०१८च्या वैशाखात तलासरीजवळच्या एका पाड्यावर लग्न होतं. धवलेरी म्हणून लखमीआजी, पाहुणी म्हणून मी. मांडवाबाहेर डीजेचा टेम्पो उभा होता. आजी चौकासमोर उभ्या राहिल्या, पदर सावरला, श्वास घेतला... आणि टेम्पोच्या भोंग्यांतून त्यांचाच आवाज आला. तेच गाणं, तीच तुटण्याची जागा, खाली धडाधड ठोके. पोरं शिट्ट्या मारत नाचू लागली. छातीच्या फासळ्यांत ठोके बसत होते, आणि आजी तोंड अर्धवट उघडं ठेवून उभ्या होत्या. रंजना धावत जाऊन ओरडली, "बंद कर! माझ्या आजीचं हाय ते!" टेम्पोवाल्याने हात हलवला. "अरे, मोबाइलवर आलं ते, ट्रेंडिंग आहे! आजीला बोल, फेमस झालीस!" आजी माझ्याकडे वळल्या. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. "माझ्या अगोदर माझा आवाज आला," एवढंच त्या म्हणाल्या आणि खाली बसल्या. त्या लग्नात त्यांनी ते गाणं म्हटलं नाही. त्यानंतर कुठल्याच लग्नात म्हटलं नाही, आणि मुलींना शिकवणंही थांबलं.

मी तशीच नलिनीकडे गेले. सगळं ऐकल्यावर ती म्हणाली, "ते मोबाइलवर फिरू लागलं तेव्हाच मी काढून टाका म्हणून कळवलं होतं, पण ज्यांच्याकडे प्रती गेल्या त्यांनी त्या काढायला हव्यात. इथे आपण विनंती करू शकतो, हुकूम नाही. मालकच नाही ना... तोच तर मुद्दा आहे."

"म्हणजे तुला आधी माहीत होतं?"

"गाणं कोणी ऐकायचं ती खूण मी मुद्दाम बदलली. 'फक्त पाडा' होतं, 'सर्वांसाठी' केलं." तिने चष्मा काढला. "गाणं मरत होतं ग. चार मुलींच्या भरवशावर? तुझ्यासारखीला हे समजावून सांगावं लागतं?"

"आजींना विचारायचं होतंस."

"विचारलं असतं तर त्या नाही म्हणाल्या असत्या."

"मग?"

"म्हणूनच नाही विचारलं."

ज्ञानाला कुंपण नसावं, हे मी तिच्याकडूनच शिकले होते. पण ज्याला ती कुंपण म्हणत होती तो एका बाईचा गळा होता. ज्या कंपन्यांना ती आयुष्यभर नावं ठेवत आली, त्यांनी विचारल्याचं नाटक तरी केलं असतं. हे मी बोलून दाखवलं. "आणि मला का नाही सांगितलंस?" या प्रश्नावर मात्र ती चष्मा पुसत राहिली. तेच ते राहून गेलेलं उत्तर. त्या हिवाळ्यात भूकंपाच्या धक्क्यांनी जमीन हादरू लागली, माणसं घराबाहेर ताडपत्रीखाली राहू लागली, आणि ओट्यावर पाड्यापाड्याची खुशाली फिरू लागली. नलिनीने मला एकच शब्द लिहिला, "ठीक?" मी लिहिलं, "ठीक." आमचं शेवटचं संभाषण तेवढंच.

तेराव्यानंतर माधवने बोलावलं. संगणकाचं काय करायचं, हे त्याला कळत नव्हतं. मी खोलीत गेले तेव्हा यंत्र बारीक गुणगुणत होतं आणि तापलेल्या धुळीचा वास येत होता. दीड वर्षात नलिनीने जगभरच्या ओटेवाल्यांना ते गाणं काढून टाका म्हणून पत्रं लिहिली होती, कितीतरी. मी खुर्ची ओढून वाचायला बसले. मग माधवने एक वाचलं आणि सहज विचारलं, "ताई, गाणं तुमच्याकडून चुकून गेलं होतं का हो?"

प्रत्येक पत्रात तेच होतं. 'माझ्या एका मराठी शिकवणाऱ्या मैत्रिणीच्या हातून, तांत्रिक माहिती नसल्याने, हे गाणं चुकून सार्वजनिक झालं.' आणि ही पत्रंही आता त्या दारातून बाहेर गेली होती, गाण्यासारखीच, परत न येण्यासाठी.

"नाही," मी म्हणाले.  "चहा टाकतो" म्हणत माधव आत गेला.

मग मला तिची खोली दिसली. प्रत्येक वस्तूवर तिच्या बारीक अक्षरातली चिठ्ठी. पकडीवर, 'कॉलेजची'. शिडीवर, 'शेजारच्या वहिनींची, उसनी'. परत केलेल्या वस्तूंच्या चिठ्ठ्या तिने एका तारेत ओवल्या होत्या, प्रत्येकीवर एक सरळ रेघ मारून. कोणाचा खिळासुद्धा तिने ठेवून घेतला नव्हता. खणात एक लहान पाकीट होतं, त्यात त्या लग्नातलं मेमरी कार्ड. पाकिटावर लिहिलं होतं, 'लखमीआजींचं. उसनं.' गाणं कोणाचं, हे तिला पहिल्या दिवसापासून पक्कं ठाऊक होतं. तिला कळलं नसेल, अशी माझ्या मनाने एक पळवाट राखून ठेवली होती. त्या अक्षराने ती बुजवली.

यंत्र मी बंद केलं नाही. झाईच्या बाया अजून त्यावर वारा बघतात. ते कसं चालवायचं, हे आता रंजना शिकते आहे.

कार्ड मी आजींना नेऊन दिलं आणि काय घडलं ते सगळं सांगितलं, माझ्या न विचारण्यासकट. आजींनी ते तळहातावर घेतलं, उलटसुलट केलं.

"एवढ्यात मावतो माझा आवाज?"

"हो, आजी."

"आन् बाकीचा?"

त्यांनी कार्ड पदराच्या गाठीत बांधलं आणि तांदूळ निवडायला घेतले. रिकामं पाकीट मी घरी आणलं. माझ्या मेजावर ते नलिनीच्या अक्षरासकट पडून आहे. रोज त्यावर रेघ मारावी म्हणून मी पेन्सिल उचलते, आणि रोज ठेवून देते.